मॅरेथॉनचा सांगावा : अथेन्सच्या रस्त्यावर आम्हाला काय दिसले?

आम्ही चौघे, दोन स्त्रिया आणि दोन पुरुष, चौघेही नाशिकचे आणि चौघेही बौद्ध, नोव्हेंबरात ग्रीसला गेलो. मॅरेथॉन गावापासून अथेन्सपर्यंतची ४२.१९५ किलोमीटरची शर्यत धावलो, ते जुने शहर पायी हिंडलो आणि परत आलो. खरे तर यात बातमी होण्यासारखे काही नाही. भारतातून कितीतरी लोक अशा शर्यतींना जातात आणि त्यांना कुणी कारण विचारत नाही. आम्हाला मात्र विचारले गेले, तेही दोन्ही बाजूंनी.

पहिली बाजू आपल्याच माणसांची. एका बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी सर्वांसमोर विचारले, "पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, वसतिगृहाला जागा नाही, आणि तुम्ही पळायला परदेशात जाता? नाशिकला रस्ते नाहीत का?" दुसरी बाजू कचेरीतली. तिथला प्रश्न हसत हसत आला, "अरे वा, आता तुम्ही लोकसुद्धा मॅरेथॉनला?" त्यातला 'सुद्धा' नेमका कुठून येतो हे आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

पैशांचे आधी सांगून टाकतो. दोन वर्षे दर महिन्याला पगारातून बाजूला काढलेले ते पैसे होते. संस्थेचा किंवा वर्गणीचा एक रुपया त्यात नाही. पण ज्येष्ठांचा प्रश्न पैशांचा नव्हताच. चळवळीतल्या माणसाने असे काही करावे का, हा तो प्रश्न आहे. आणि कचेरीतला प्रश्न असा की 'तुम्ही लोकांनी' असे काही करावे का. दोन्ही प्रश्न विचारणारे वेगळे, त्यांचे हेतू वेगळे. पण आपल्या माणसाचे शरीर कष्टासाठी किंवा संघर्षासाठीच असते, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. आमचे म्हणणे या गृहीतकाविरुद्ध आहे.

निरोप्या आणि तराळ

मॅरेथॉनची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली असते. इसवी सनपूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सच्या सैन्याने इराणी सैन्याला हरवले. एक निरोप्या ती बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावत आला, विजय झाल्याचे सांगितले आणि तिथेच कोसळून मेला. गोष्ट सुंदर आहे, पण तिला पुरावा कच्चा आहे. लढाईचा जुना इतिहास लिहिणाऱ्या हेरोडोटसकडे ही धाव नाहीच. त्याने सांगितलेला फिडिपिडीस लढाईच्या आधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला गेला होता. मॅरेथॉनहून धावत येऊन मरणारा माणूस भेटतो तो कित्येक शतकांनंतरच्या प्लुटार्क आणि लुसियन यांच्या लिखाणात, आणि दोघांकडे त्याचे नावही एक नाही. पुढे १८९६ मध्ये अथेन्सला पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले तेव्हा मिशेल ब्रेआल या फ्रेंच विद्वानाने ही शर्यत सुचवली आणि दंतकथेतली धाव जगभर पसरली.

हेरोडोटस एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो. फिडिपिडीस हा पेशाने निरोप्या होता. धावत निरोप पोहोचवणे हेच त्याचे काम.

हे वाचताना आमच्यापैकी एकाला आपले आजोबा आठवले. सिन्नर तालुक्यातल्या एका गावात ते येसकरकी करत. गावात कुणी मेले की सांगावा घेऊन नातेवाइकांच्या गावी तेच जात. सरकारी कागद पोहोचवणे, पाटलाचा निरोप नेणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे वाट दाखवत धावणे ही सगळी कामे त्यांच्याकडे. पाऊस असो की अंधारी रात्र, 'जा' म्हटले की निघायचे, तेही अनवाणी. त्याबदल्यात बलुते आणि दारोदार मागितलेली भाकरी. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, कुठेही आपल्या माणसांच्या घरात जा, अशी आठवण निघतेच. शंकरराव खरात यांच्या आत्मकथनाचे नाव 'तराळ-अंतराळ' आहे, त्यातला तराळ हाच. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले ते या राबवणुकीच्या विरोधात. ही वतने नष्ट करणारा कायदा यायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणजे तेही निरोपेच होते. दंतकथेतल्या एका निरोप्यासाठी जग आज मोठमोठ्या शहरांचे रस्ते बंद करून माणसांना धावू देते. पिढ्यानपिढ्या खरोखर धावलेल्या आपल्या निरोप्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले. त्यांच्या धावेला कुणी धाव म्हटले नाही, ते 'महाराचे काम' होते. त्यांच्या नातवंडांनी कुणाच्या हुकमाशिवाय, छातीवर स्वतःचे नाव आणि क्रमांक लावून धावायचे ठरवले, तर त्याला चैन म्हणता येईल का? आम्ही याला वतनाचा राजीनामा म्हणतो. कागदावर तो आधीच झाला होता, अंगाने द्यायचा राहिला होता.

मातीच्या ढिगाखाली कोण?

शर्यतीच्या दोन दिवस आधी आम्ही बसने मॅरेथॉनला गेलो. तिथे सुमारे नऊ मीटर उंचीचा, गवत उगवलेला मातीचा ढीग आहे. लढाईत मेलेल्या अथेन्सच्या १९२ नागरिकांची ही समाधी. शर्यतीचा मार्गही पाचव्या किलोमीटरच्या आसपास मुद्दाम वळसा घेतो आणि या समाधीला फेरी घालून पुढे जातो. पौसानियस नावाचा प्रवासी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इथे आला होता. मेलेल्या नागरिकांची नावे लिहिलेले दगड त्याने समाधीवर पाहिले. तोच पुढे लिहितो की मैदानावर दुसरेही एक थडगे होते, प्लातिया या मित्रगावच्या सैनिकांचे आणि गुलामांचे. गुलाम पहिल्यांदाच लढले ते या लढाईत, असे तो सांगतो.

इथे आम्ही बराच वेळ थांबलो. लोकशाही अथेन्स वाचवायला गुलामही लढले आणि मेले. पण त्यांना नागरिकांच्या समाधीत जागा मिळाली नाही आणि त्यांच्यातल्या एकाचेही नाव आज कुणाला ठाऊक नाही.

आपल्याला हे ओळखीचे आहे. म्हणून तर १ जानेवारीला लाखो लोक कोरेगाव भीमाला जातात. तिथल्या विजयस्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तिथे गेले त्यानंतर आपल्या समाजाने तो स्तंभ आपला मानला. लढाई कंपनी सरकारची होती, सत्ता कुणाची आली, यावर लोक आपल्याला इतिहास शिकवायला येतात. त्यांना मॅरेथॉनचे ते दुसरे थडगे दाखवावे. नाव दगडावर असणे आणि नसणे यात काय फरक पडतो, ते तिथे कळते.

पाणी वाहणारा आणि दारात अडवलेली

१८९६ ची पहिली मॅरेथॉन जिंकली स्पिरिडॉन लुईस याने. तो अथेन्सजवळच्या मारूसी गावचा, पाणी वाहून नेऊन विकणारा गरीब माणूस. ग्रीसच्या सरदार-उमरावांच्या घरातला कुणी नव्हे, पाणी वाहणारा देशाचा नायक झाला. राजाने काय हवे विचारल्यावर त्याने पाणी वाहायला गाडी मागितली असे सांगतात. चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला म्हणून १९२७ मध्ये महाडला आपल्या माणसांची डोकी फोडली गेली, हे ठाऊक असलेल्याला ही गोष्ट नुसती गंमत म्हणून ऐकता येत नाही. अथेन्सला गरीब माणसाच्या हातचे पाणी चालत होते. जातीच्या समाजात पाण्याला कुणाचा हात लागतो तेच आधी पाहिले जाते.

पण लुईसच्या गोष्टीने भारावून जाण्यापूर्वी त्याच शर्यतीची दुसरी गोष्टही ऐकली पाहिजे. स्तामाता रेविथी ही पिरेयस बंदरात राहणारी, कडेवर मूल असलेली गरीब बाई. तिला धावायचे होते. पुरुषांच्या शर्यतीत तिला घेतले नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी ती एकटी मॅरेथॉनहून निघाली. निघतानाची वेळ गावातल्या अधिकाऱ्यांकडून कागदावर लिहून घेतली आणि साडेपाच तासांत अथेन्स गाठले. स्टेडियममध्ये तिला पाऊल टाकता आले नाही. पुढे तिचे काय झाले, याची नोंद नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हायला १९८४ साल यावे लागले.

धावायला रस्ता मिळतो, आत जायला दार मिळत नाही. आम्ही नाशिकचे. काळाराम मंदिराचा दरवाजा बंद ठेवून लोक २ मार्च १९३० पासून पुढे पाच वर्षे कसे बसले होते, ते आम्हाला कुणी सांगावे लागत नाही. आमच्यातल्या दोघी शर्यतीच्या शेवटी त्या पांढऱ्या संगमरवरी स्टेडियममध्ये शिरल्या, तेव्हा घड्याळात साडेपाच तास उलटून गेले होते. स्तामाताला जेवढा वेळ लागला साधारण तेवढाच. दोघी आत गेल्या, त्यांच्या गळ्यात पदक पडले. या दारामागे कितीतरी बायकांचे भांडण आहे, हे दोघींनाही माहीत होते.

टेकडीवरची लोकशाही

अथेन्समध्ये सगळे प्रवासी अॅक्रोपोलिस पाहायला जातात. आम्हीही गेलो. पण आमचा जास्त वेळ गेला समोरच्या प्नीक्स नावाच्या टेकडीवर. तिथे मंदिर नाही, मूर्ती नाही. उतारावरचे मोकळे पटांगण आणि खडकात कोरलेला एक चौथरा. अथेन्सचे नागरिक इथे जमत, या चौथऱ्यावर उभे राहून कुणीही नागरिक बोले आणि हात वर करून निर्णय होत. लोकशाहीचे माहेरघर म्हणतात ते हे.

या माहेरी लेकीबाळींना जागा नव्हती. गुलामांना नव्हती. बाहेरून येऊन पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांनाही नव्हती. अथेन्सचे वैभव ज्या चांदीवर उभे राहिले ती लाव्रिओच्या खाणीत गुलाम खणत. आणि अॅरिस्टॉटलसारखा विद्वान काही माणसे जन्मतःच गुलाम असतात असे लिहून ठेवतो. मनुस्मृती वाचलेल्याला हे वाक्य परके वाटत नाही. आधुनिक ग्रीसमध्येही स्त्रियांना पूर्ण मताधिकार मिळाला तो १९५२ मध्ये. बाबासाहेबांच्या राज्यघटनेने तो आपल्या आयाबहिणींना, शेतमजुरापासून राणीपर्यंत सगळ्यांना, २६ जानेवारी १९५० रोजीच दिला होता. लोकशाही आम्ही पाश्चात्त्यांकडून उसनी घेतली असे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

तरीही एक गोष्ट अथेन्सच्या बाजूने नोंदवली पाहिजे. अॅक्रोपोलिसवरच्या एरेक्थिऑन या मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यात नागरिक, परके आणि गुलाम एकाच खांबावर शेजारी शेजारी काम करताना दिसतात आणि तिघांच्या कामाची मजुरीही सारखीच. गुलामाची मजुरी मालकाच्या खिशात जाई, हे खरे. पण मालक आणि गुलाम एकाच दगडाला छिन्नी लावत होते. जात ही कामांची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांचे म्हणणे समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही पाठ केले होते. त्या दगडी हिशेबांमुळे ते नीट उमगले. गुलामाला निदान सुटका मिळू शकत होती, अस्पृश्याला तीही वाट नव्हती, असे बाबासाहेब का म्हणत होते तेही कळले.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की राजकीय लोकशाहीखाली सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकणार नाही. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघाची आठवण दिली होती. ठराव, मतदान, सभेचे नियम हे सगळे संघाला माहीत होते. आणि संघात कोणत्याही जातीचा माणूस येऊ शकत होता. प्नीक्सच्या चौथऱ्याजवळ बसून आम्ही चौघांनी त्रिशरण-पंचशील म्हटले, ते या आठवणीसाठी.

लांब्राकिसची पदयात्रा

अथेन्सची ही शर्यत ज्यांच्या स्मृतीला अर्पण केली आहे, त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. ग्रिगोरिस लांब्राकिस हे डॉक्टर, लांब उडीतले राष्ट्रीय खेळाडू आणि खासदार. १९६३ च्या एप्रिलमध्ये मॅरेथॉन ते अथेन्स अशी शांतता पदयात्रा काढायचे ठरले. सरकारने बंदी घातली, लोकांची धरपकड केली. खासदार म्हणून लांब्राकिस यांना संरक्षण होते, म्हणून ते फलक घेऊन चालत राहिले. पुढच्याच महिन्यात थेसालोनिकीला उजव्या गुंडांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यात त्यांचा जीव गेला.

तेव्हा हा रस्ता नुसत्या खेळाचा नाही. माणसे चालली म्हणून सत्ता घाबरली, असा हा रस्ता आहे. १९७९ मध्ये विद्यापीठाच्या नामांतरासाठी नागपूरहून निघालेला लाँग मार्च ज्यांनी पाहिला किंवा घरच्यांकडून ऐकला, त्यांना लांब्राकिस परके वाटणार नाहीत. त्या मोर्चातली माणसेही चालत होती एका नावासाठीच, आणि ते नाव विद्यापीठाला लागायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस यावा लागला. चळवळ आणि पाय यांचे नाते आपल्याला नवीन नाही. मग पायांची तयारी करणाऱ्याला चळवळीबाहेरचा का समजायचे?

यवनांचे टाके

मार्ग अवघड आहे. साधारण दहाव्या किलोमीटरपासून एकतिसाव्यापर्यंत चढ संपतच नाही. या चढाची तयारी आम्ही नाशिकच्या त्रिरश्मी बुद्ध लेणीच्या पायऱ्यांवर केली होती. त्याच लेण्यांत १७ क्रमांकाचे लेणे आहे. त्यावरचा शिलालेख सांगतो की दत्तामित्री नगरीच्या धम्मदेव यवनाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने हे लेणे, आतले चैत्य आणि पाण्याची टाकी कोरून घेतली. यवन म्हणजे ग्रीक वंशाचे किंवा त्या संस्कृतीतले लोक. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही यवन दात्यांची नावे आहेत. सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात ग्रीक राजांची नावे घेतली आहेत. कंदाहारला त्याने धम्म ग्रीक भाषेत लिहून लावला. आणि महावंस सांगतो की अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीकडे, धम्म घेऊन आलेले भिक्खू योन धम्मरक्खित होते. योन म्हणजेही ग्रीक.

म्हणजे इथेही सांगावाच आहे. पण हा सांगावा कुणाच्या हुकमाने नेलेला नाही, तो माणसांनी माणसांना दिला. परक्या देशातला माणूस धम्म स्वीकारतो, आपल्या डोंगरात पाण्याचे टाके खोदतो आणि त्याचे नाव दगडावर राहते. त्याला कुणी कूळ विचारले नाही. म्हणून आम्ही ग्रीसला गेलो तेव्हा परक्या मुलखात चाललोय असे आम्हाला वाटले नाही. दोन हजार वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्यांची परतभेट होती ती.

क्रमांक घ्यायला गेलो तिथे भारतीय धावपटूंचा एक गट भेटला. गप्पा रंगल्या. गाव विचारले, आम्ही सांगितले. मग आडनावे विचारली गेली, तीही सांगितली. त्यानंतर गप्पा लवकर आटोपल्या. रविवारी रस्त्यावर मात्र वेगळाच अनुभव. ग्रीक आजीबाई ऑलिव्हच्या डहाळ्या हातात देत होत्या. लहान पोरे रस्त्याकडेला हात पुढे करून प्रत्येक धावणाऱ्याकडे टाळी मागत होती आणि 'ब्राव्हो, ब्राव्हो' ओरडत होती. किती हात हाताला लागले त्याची मोजदाद नाही. ग्रीसमध्ये भेदभाव नाही असे आम्ही म्हणत नाही. स्थलांतरितांचे हाल त्या शहराच्या चौकाचौकांत दिसतात. पण स्पर्शाला तिथे हिशेब नव्हता, हे आम्ही पाहिले ते लिहितो.

पुढे काय?

ज्येष्ठांना आमचे नम्रपणे सांगणे आहे. शिष्यवृत्तीसाठीचा मोर्चा आणि पहाटेची धाव यांच्यात भांडण नाही. शिष्यवृत्ती कशासाठी मागतो आपण? पोराने जग पाहावे, स्वतःच्या मर्जीने जगावे म्हणूनच ना? मग आपल्यापैकी कुणी तसे जगायला लागला की आपणच त्याला हिशेब विचारायचा, हे बरोबर नाही. आपल्या वस्त्यांना खेळायचे मैदान नाही, मुलींना पहाटे रस्त्यावर धावायची सोय नाही, हाही हक्काचाच प्रश्न आहे आणि तो आपल्या मागण्यांच्या यादीत यायला हवा. नगरपालिकेकडे समाजमंदिर मागतो तसे मैदानही मागू या.

आमच्या भागातल्या विहारात दर रविवारी वंदनेआधी वीस-बावीस मुलेमुली आता धावायला येतात. निम्म्यांच्या पायांत बूट नाहीत, ते जमवायचे चालू आहे. त्यांना आम्ही फिडिपिडीसची गोष्ट सांगतो, आणि लगेच तराळाची सांगतो. कोण कुणाच्या हुकमाने धावला आणि कुणाचे नाव राहिले, हे पोरांनी स्वतः ताडून पाहावे. कचेरीतल्या त्या 'सुद्धा'चे उत्तर देत बसायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

जय भीम!